समुद्र पाहिलेला माणूस

"चिखलदरा," जानराव तिसऱ्यांदा म्हणाले. "घाट हाय, दऱ्या हाय, जवळचंबी हाय. आनखी काय पायजे?"

"अन आईचा दमा?" धम्मदीपाने विचारलं.

कामरगावच्या त्या घरात मार्चमध्येच पंखा पाचवर फिरत होता आणि त्याच्याखाली बसून चौघंजण सुट्टीसाठी ऊबदार जागा शोधत होते. शेजाऱ्यांनी ऐकलं असतं तर वेड्यात काढलं असतं. पण पोरांच्या आईला, बेबीताईंना, थंड हवा सोसत नव्हती. धम्मदीपाची दहावी आटोपली होती, आणि पेपर झाले की कुठेतरी नेतो, असं जानराव कबूल करून बसले होते. ते शाळेत शिपाई होते, चार दिवसांची रजा मिळणार होती. खिशाला मात्र झेपेल तेवढंच झेपणार होतं.

अजिंठा दोनदा झालं होतं. नागपूर दरवर्षीच व्हायचं.

मोठा मुलगा धम्मरत्न मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, "ऊबदार पायजे अन परवडलंबी पायजे, मंग समुद्रच. अलिबागपाशी नागाव म्हनून हाय. घरगुती खोल्या, जेवन त्याइच्याकडेच. लॉजच्या निम्म्यात काम होते. अन बाबाइले तं तिकडचं सारं माहीत हाय."

"समुद्रात काय हाय पाह्यासारखं?" जानराव म्हणाले. "पानीच तं हाय."

आता हे कोणी म्हणावं? लग्नाआधी दोन वर्षं जानराव कोकणात कामाला होते, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. मुलगी पाहायला आले तेव्हा मध्यस्थाने नोकरीच्याही आधी हेच सांगितलं होतं, की पोरगा समुद्राकाठी राहून आलेला आहे. गावात त्यांचा तेवढ्यावर भाव होता. पोरं लहानपणी जेवेनात की ते भरती-ओहोटीच्या गोष्टी सांगायचे, वाळूतल्या खेकड्यांच्या, उलटलेल्या होड्यांच्या. गोष्ट रंगवावी तर त्यांनीच.

पण बेबीताईंनी कधी विचारलं, "तुमी तिकडं राहत कुठं? जेवत कोनाकडे?" की गोष्ट जागच्या जागी थांबायची. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्या हौसेने म्हणाल्या होत्या, "मले एकदा दाखवा ना समुद्र." जानराव ताटावरून उठले आणि पुढचे दोन दिवस धड बोलले नाहीत.

तेव्हाच त्या समजल्या. तिकडे कोणीतरी होती.

बावीस वर्षांत हे त्यांनी ना आईला सांगितलं, ना बहिणीला. नवरा निर्व्यसनी, घरकामाला हात लावणारा, आजारपणात उशाशी बसणारा. बोट ठेवायला जागा नव्हती, म्हणून तर अधिकच दुखायचं. आपण घरात आहोत पण मनात दुसरीच आहे, असं त्यांना भाकरी थापता थापता मध्येच वाटून जायचं आणि भाकरी करपायची.

"बाबा, मालकासंग तुमीच बोला," धम्मरत्नाने फोन पुढे केला. "तिकडची बोली तुमाले जमते."

जानरावांनी फोन घेतला नाही. "टाकी भरून राह्यली वाटते," असं पुटपुटत ते मोरीकडे गेले. टाकी सकाळीच भरलेली होती.

बेबीताई त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. एकदा ती जागा डोळ्यांनी पाहून घ्यायची. असेल तर असू दे. कळलं की निदान मन तरी मोकळं होईल.

"समुद्रच," त्या म्हणाल्या. "लाव फोन, रत्ना."

पोरं चकित झाली. या घरात आई भाजीसुद्धा सगळ्यांना विचारून टाकायची.

मूर्तिजापूरहून रेल्वे, पुढे एसटी, असं करत चौघं दुसऱ्या दिवशी दुपारी नागावला उतरले. हवा गरम आणि ओलसर होती. बेबीताईंची छाती कितीतरी दिवसांनी मोकळी झाली, पण त्यांचं तिकडे ध्यान नव्हतं. घराची मालकीण पन्नाशीची, उंच, अजून देखणी होती. बेबीताईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. नवरा सुपारीच्या झाडाकडे बघत होता. रस्त्यात मासे विकणाऱ्या दोघी भेटल्या, तेव्हाही त्याची मान खालीच.

किनारा दिसला तशी पोरं चपला हातात घेऊन पळत सुटली. जानराव मात्र वाळूत थबकले. समोर बघत नुसते उभे राहिले, तोंड अर्धवट उघडं. या माणसाला काय काय आठवत असेल, असं बेबीताईंच्या मनात आलं. पण आता मागे फिरायचं नव्हतं.

"मी भांडनार नाही," त्या म्हणाल्या. "फक्त सांगा. कोन होती ते?"

"कोन?"

"जिच्यापायी मले इतके वर्स इथं आनलं नाही."

जानरावांचा चेहरा कावराबावरा झाला. ते पँट वर दुमडून तडक लाटेत शिरले. मग नदी असो की विहीर, पाण्यापाशी पोचलं की आपल्याकडचा माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. तोंडावर पाणी मारलं, ओंजळ भरून घेतली आणि गटागटा पिऊन टाकली.

खोकून खोकून त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. बेबीताई धावत गेल्या, गुडघाभर पाण्यात उभ्या राहून त्यांची पाठ चोळू लागल्या.

"रत्नाची माय," श्वास परत आल्यावर जानराव हळूच म्हणाले, "समुद्र मीबी आजच पाहून राह्यलो. पोराइले सांगू नको."