ताप गेल्यावर

"घरात एवढ्यात कुणाच्या ओठावर फोड आला होता का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

तिघं बाकावर बसली होती. मधे बाळाची आई, एका बाजूला तिचा नवरा, दुसऱ्या बाजूला सासू. काचेपलीकडच्या पेटीत बाळ निजलं होतं. त्याचं नाव काय ठेवायचं, यावर परवापर्यंत घरात भांडणं चालली होती. आता कुणी ते काढत नव्हतं.

डॉक्टरबाई स्टूल ओढून समोर बसल्या. "बाळाचा ताप बघून आधी आम्हाला वाटलं, नेहमीचे जंतू असतील. तान्ह्या बाळांना बहुतेक तेच गाठतात. त्यावरची इंजेक्शनं लगेच सुरू केली. आज तपासणीत कळलं, हे वेगळंच आहे. विषाणू आहे. त्याचं औषधही दिलंय, पण तोवर तो बाळाच्या यकृतात आणि मेंदूत पोचलाय. मोठ्या माणसाच्या ओठावर त्याचा नुसता फोड येतो आणि जातो. एवढ्याशा जिवाला तो झेपत नाही."

आजी केव्हापासून वाट बघत होती, आपण किती जपलं ते कुणीतरी विचारावं म्हणून.

"फोड ह्याला आला होता," तिने मुलाकडे बोट दाखवलं. "पण तो ताप गेल्यावर! ताप होता तोवर मी उंबरठा ओलांडू दिला नाही. बस चालवतो ना हा, तर डेपोत बसमध्येच झोपायचा. लेकाला बघायला खिडकीशी यायचा, तोही हात मागे बांधून. म्हटलं, ताप मुतू दे ओठावर, मग ये. एकदा मुतला की गेला, आमच्या घरात हेच बघत आलोय. चांगला टपोरा फोड आला, तेव्हाच आत घेतला. तळहाताच्या फोडासारखं जपलंय हो आम्ही बाळाला."

खोटं काहीच नव्हतं त्यात. इतकं पथ्य कोण पाळतं हो हल्ली? शेजारीपाजारी ड्रायव्हरला 'खिडकीवाले बाबा' म्हणून चिडवायचे आणि तो बिचारा हसून घ्यायचा.

डॉक्टरबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मिशीखाली डाळीएवढी खपली होती, पडायला आलेली.

"आणि आत आल्यावर तुम्ही..." त्या अडखळल्या.

"पापी घेतली," आई म्हणाली. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. "गालाची, कपाळाची, बोटांची. राहिलेल्या सगळ्या एकदम घेतल्या. मीच म्हटलं, घ्या."

"मग?" आजी म्हणाली. "बापाने नाही घ्यायची तर कुणी घ्यायची?"

आजीने सुनेकडे पाहिलं, डॉक्टरबाईंकडे पाहिलं, मग मुलाच्या तोंडाकडे. तिचं बोट अजून त्याच्यावरच रोखलेलं होतं. ते तिने हळूच मिटलं आणि हात मांडीखाली दडवला.

"म्हणजे मी तापातच आत आलो असतो तर?" ड्रायव्हरने विचारलं. "फोड यायच्या आधी?"

"तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"ते नाही विचारत मी, डॉक्टर. आलो असतो तर?"

डॉक्टरबाई उठल्या. "आत चला," त्या म्हणाल्या. "आता फार वेळ नाही."

आत सिस्टरने एकेक नळी काढली. यंत्राचा आवाज बंद केला. बाळाला दुपट्यात गुंडाळून आईच्या हातात दिलं. जन्मल्यापासून आज पहिल्यांदाच ते कुरकुरलं नाही. ती स्टुलावर बसून त्याला हलवत राहिली. हलवायची गरज उरली नाही, तरी हलवत राहिली. आजी दाराशीच थांबली. तिला आत यायचा धीर झाला नाही.

ड्रायव्हर भिंतीला टेकून उभा होता. खिडकीशी उभा राहायचा तसाच, हात मागे बांधून.

बऱ्याच वेळाने आईने बाळाच्या कपाळावर ओठ टेकले. मग ती उठली आणि बाळ त्याच्यापुढे धरलं. त्याने मान फिरवली. ओठ घट्ट मिटून घेतले, एवढे की खपली फुटून रक्त आलं.

"घ्या ना पापी," ती म्हणाली. "ताप गेलाय त्याचा."