हॉलचा चौथा दोष

“आणि तिसरा दोष म्हणजे समोर बसणाऱ्यांसाठी एकही माईक नाही,” ती म्हणाली, आणि साहेबांचा चेहरा खुलला.

तिला वाटलं होतं, साहेब वैतागतील. कंपनीचे गिझर विकणाऱ्या दुकानदारांची वार्षिक परिषद तोंडावर आली होती आणि हॉल शोधायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. पायपीट करून तिने दोन हॉल पाहिले. पहिला लख्ख, ऐसपैस, बसल्या जागेवरून बोलता येईल असे माईक. तो साहेबांनी फोटो बघूनच नाकारला. दुसरा म्हणजे हा, जुन्या नाट्यगृहाची डागडुजी करून भाड्याने द्यायला काढलेला. मधोमध जाडजूड खांब, मागच्यांना मंच दिसायची बोंब. खालून कुणी काही विचारलं, तर आवाज छतातच विरून जायचा. वर माईकही नाही. हा हॉल अजिबात नको, एवढंच सांगायला ती केबिनमध्ये आली होती.

“आणि चौथा—”

“पुरे,” साहेब म्हणाले. “हाच ठरवून टाका. आणि ती तक्रारवाली मंडळी आहेत ना, त्यांना अगदी शेवटच्या रांगेत बसवा.”

आत्ता तिला उमगलं. माणसांना मानाने बोलवायचं, हार-तुरे द्यायचे, जेवू घालायचं आणि तोंड उघडायची सोय तेवढी ठेवायची नाही. कमाल आहे! तिच्या डोक्यात तिडीक गेली.

कारण तक्रार काही साधीसुधी नव्हती. यंदाच्या गिझरमधून करंट उतरत होता. कंपनीने हात झटकले होते. गिझर उत्तम आहेत, दोष बसवणाऱ्यांच्या हातात आहे, असं तोंड वर करून सांगितलं होतं. आणि गिझर विकून स्वतःच बसवून देणाऱ्या त्या दुकानदारांमध्ये तिचा सख्खा मामा होता, हे साहेबांना माहीत नव्हतं.

मामाने शेजारच्या घरात स्वतःच्या हाताने गिझर बसवला. त्या घरच्या सुनेने नळ सोडला आणि ती फेकली गेली. जीव वाचला, पण उजव्या हाताची बोटं अजून मिटत नव्हती. तेव्हापासून गल्ली मामाकडे बघून न बघितल्यासारखं करत होती. उभा जन्म वायरी जोडण्यात गेलेला माणूस तो. परवा मामीनेसुद्धा घरचा पंखा दुसऱ्याला बोलावून दुरुस्त करून घेतला. त्या दिवशी मामा जेवला नाही.

“मला बाकी काही नको गं,” तो भाचीला म्हणाला होता. “चारचौघांत उभं राहून एकदाच विचारायचंय. दोष यंत्रात होता की माझ्या हातात?”

दुसऱ्या दिवशी ती भांडायच्या तयारीने पुन्हा केबिनशी गेली. राहिलेला दोष तरी साहेबांच्या कानावर घालायलाच हवा होता, तो तर सगळ्यात वाईट होता. आतून साहेबांचं हसणं ऐकू आलं. जेवण जरा चांगलं ठेवा, तोंडं आपोआप बंद होतात, असं ते फोनवर कुणाला तरी सांगत होते. दाराशी नेलेला हात तिने मागे घेतला. साहेबांनी पुरे म्हटलं होतं ना? मग पुरे.

परिषदेच्या सकाळी तिने तक्रारवाल्यांना शेवटच्या रांगेत बसवलं. डोक्यावर एसीची जाळी, समोर खांब. मामाने खांबाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

“तुलासुद्धा हाच हॉल सापडला का गं?” त्याने विचारलं.

तिला ते फार लागलं. इथून हलू नकोस, एवढंच ती कशीबशी बोलली आणि मंचामागच्या खोलीत चहा घेऊन गेली.

तिथे साहेब आणि मुख्य इंजिनिअर दार लावून बसले होते. तिने चहा ठेवला तरी साहेब बोलायचे थांबले नाहीत. ती त्यांच्या खिजगणतीतच नव्हती.

“कॉइलमधूनच करंट उतरतोय, हे मलाही कळतं,” साहेब म्हणत होते. “पण कबूल केलं तर सगळा माल परत घ्यावा लागेल. फिटिंगवर ढकलायचं. चार दिवस बोंबलतील आणि गप्प बसतील.”

त्या बाईच्या हाताचं काय, असं इंजिनिअरने कपातच बघत विचारलं.

“तो तिच्या दुकानदाराने बघावा.”

तिने रिकामा ट्रे उचलला. ती बाहेर आली आणि मंचाच्या बाजूला पडद्याआड उभी राहिली.

साहेब मंचावर आले. आपण सगळे एक कुटुंब आहोत, असं छातीवर हात ठेवून म्हणाले. मग म्हणाले, गिझरमध्ये तसूभर दोष नाही, बसवणारे हात तेवढे शिकलेले हवेत.

शेवटची रांग उभी राहिली. अख्खी. खांबाला वळसा घालून मामा पुढे निघाला, बाकीचे त्याच्या मागे. त्यांना अडवायची कुणाची छाती झाली नाही. तो मंचाच्या पायाशी येऊन थांबला. हॉल इतका शांत झाला होता, की माईकची गरजच उरली नाही.

“कॉइलमधूनच करंट उतरतोय, हे तुम्हालाही कळतं ना, साहेब?” मामा म्हणाला. “मग त्या पोरीचा हात मी एकट्याने का बघायचा?”

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी इंजिनिअरकडे बघितलं. इंजिनिअर उठला आणि मान खाली घालून, खरं आहे, एवढंच म्हणाला. हॉलभर एकच गलका उठला. कुणीतरी मामाच्या खांद्यावर हात ठेवला. मामा आपल्या दोन्ही तळव्यांकडे बघत उभा होता.

साहेब तरातरा पडद्याआड आले. इतक्या दिवसांचं ‘तुम्ही’ गळून पडलं होतं.

“तूच फोडलंस ना हे?”

“नाही, सर,” ती म्हणाली. “मी तर तुम्हालाच सांगत होते, तुम्ही पुरे म्हणालात. या हॉलचा चौथा दोष म्हणजे मागच्या खोलीतलं बोलणं एसीच्या नळीतून थेट शेवटच्या रांगेत ऐकू जातं.”