पॅनलचं माप

दिघ्यातल्या भाड्याच्या गाळ्यात नवरा-बायको मिळून दोन सीटांचं छोटं विमान बांधत होते. सोसायटीतले लोक बघायला यायचे आणि नंदकुमारलाच विचारायचे, "काका, कधी उडवताय?" मग सरोजिनीकडे वळून, "काकू, तुम्ही शेजारी बसणार? भीती नाही वाटत?"

नंदकुमार खुशीत हसायचा. सरोजिनी हापूसच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर वेगाच्या, उंचीच्या मीटरांसाठी गोल आखत राहायची. मग तो पुठ्ठा सीटसमोर धरून, हात पोचतो का बघायची, पुसून परत आखायची.

आज तिने अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा कापला, कडा कानशीने घासल्या आणि मीटरांचं पॅनल बसवलं. नंदकुमार ऐटीत डावीकडच्या, पायलटच्या सीटवर शिरला. त्याचे गुडघे पॅनलच्या खालच्या कडेवर ठणकन आपटले.

"अगं, काय करून ठेवलंस हे! एवढा चांगला पत्रा वाया घालवलास. मापच चुकलंय तुझं!"

सरोजिनीने हातातली कानस खाली ठेवली.

"उतरा अहो तिथून. माप बरोबर आहे. माझ्या गुडघ्यांचं घेतलंय."