बार काढणारी मोटार

आण्णासाहेबांची जुनी मोटार मिसिंग मारायची. सायलेन्सरमधून बार काढतच ती जळकोटात शिरायची. शेवटी नळदुर्गच्या महेबूब मिस्त्रीनं प्लग साफ केले, पॉइंट घासले आणि टायमिंग जुळवून दिलं.

"आता दारात येईस्तोवर कुणाला कळायचं न्हाय, मालक."

तसंच झालं. आण्णासाहेब दारात उतरले, तर आत सुना कुणाची तरी नक्कल करत होत्या आणि द्वारकाबाई पोट धरून हसत होत्या. बायकोचं हसणं त्यांनी एवढ्या संसारात कधी ऐकलं नव्हतं. ते उंबऱ्यात दिसले आणि घर गप्प झालं.

दुसऱ्या दिवशी मोटार पुन्हा नळदुर्गला.

"काय बिघडलं, मालक?"

"टायमिंग होतं तसं करून ठेव, मिस्त्री. वेशीपासून घरात ऐकू गेलं पायजे."