हियामचा आवाज

"नवी मालिका झकास आहे गं," उम राकान जिन्यातच म्हणाली. "पण सासूशी भांडतेस ना, तिथे जरा थंड वाटलीस. बरं नव्हतं का?"

हियाम भाजीची पिशवी सावरत थांबली. "कुठली नवी मालिका?"

शेजारणीला वाटलं, ही चेष्टा करतेय. तिने मोबाइल काढून समोर धरला. खिडकीशी उभी राहून एक तुर्की नटी रडत होती आणि तिच्या तोंडून हियामचा आवाज येत होता. हुंदका गिळायची तऱ्हा तीच, वाक्य संपताना श्वास सोडायची लकब तीच. हियामने मात्र कित्येक महिन्यांत कुठल्या स्टुडिओचं तोंड पाहिलं नव्हतं.

"ही मी नाही."

"मग कोण? तुझं रडणं मला ओळखता येत नाही होय?"

ते खरंच होतं. पंचवीस वर्षं हियाम परदेशी मालिकांच्या डबिंगमध्ये परक्या नट्यांसाठी अरबीत रडत आली होती. आधी दमास्कसमध्ये आणि लढाईने घर सोडायला लावल्यावर इथे, अम्मानमध्ये. तिच्या वाट्याला सगळ्या सोशिक बायका यायच्या. नवऱ्याने टाकलेल्या, सासूने गांजलेल्या, शेवटच्या भागात एकदाच्या हसणाऱ्या. तोंडाळ, भांडखोर बायकांची कामं दुसऱ्या कुणाला जायची. रस्त्यात तिला कोणी ओळखत नसे, पण टॅक्सीत बसून पत्ता सांगितला की चालक मान वळवून बघे.

मग 'शुरफा' आलं. दोन कॉफींच्या पैशात महिनाभर हव्या तेवढ्या मालिका, त्याही मोबाइलवर. औषधाच्या दुकानावरच्या एका खोलीत सुरू झालेली ती कंपनी बघता बघता अम्मानच्या अब्दाली भागातल्या काचेच्या मनोऱ्यात तीन मजले व्यापून बसली. बसऱ्यापासून कासाब्लांकापर्यंत लोक वर्गणी भरू लागले. आधी आठवड्याला एक नवी मालिका यायची, पुढे रोज एक येऊ लागली. हियामला वाटलं, आता आपल्याला मरेपर्यंत कामाचा तोटा नाही. झालं भलतंच. कंपनीने ती जिथे काम करायची तो जुना स्टुडिओ सगळ्या रेकॉर्डिंगसकट विकत घेतला, कलाकारांना चहा पाजला आणि गोड बोलून घरी पाठवलं. पुन्हा बोलावणं काही आलं नाही. एवढ्या मालिकांमध्ये बोलतं तरी कोण, हे कोडं तिला पडलं होतं. ते आता जिन्यात सुटलं.

दुसऱ्या सकाळी ती अब्दालीला जाऊन थडकली.

स्वागतिकेने तिला तक्रार ईमेलने पाठवायला सांगितलं. हियाम म्हणाली की ती ईमेल नव्हे, माणूस आहे, आणि वरून कोणी खाली येईपर्यंत ती इथेच ओरडत राहणार आहे. ती ओरडलीही. काचेमागचे चेहरे वर झाले. थोड्या वेळाने फिरास नावाचा निर्मितीप्रमुख खाली आला. त्याने छातीवर हात ठेवून, 'सित्त' म्हणजे बाईसाहेब म्हणत, तिला अदबीने सलाम केला.

"सित्त हियाम, माझ्या आईने तुमच्या आवाजावर आयुष्य काढलं."

"मग तिलाच विचार, आवाज चोरणाऱ्याला काय म्हणतात."

फिरासने काहीच नाकारलं नाही. जुन्या रेकॉर्डिंगवरून यंत्राला तिचा आवाज शिकवला होता, हे त्याने सरळ कबूल केलं. निर्णय मात्र दुबईतल्या वकिलांच्या हाती होता आणि लेखी अर्ज तिथे धूळ खात पडायचे. "तुम्ही बोला," तो म्हणाला. "आम्ही रेकॉर्ड करून आजच पाठवतो. तुमची तक्रार तुमच्याच आवाजात जाऊ दे."

हे शब्द हियामला भिडले. आवाज तिचा आहे, असं त्या इमारतीत प्रथमच कोणीतरी म्हणत होतं.

खोली ओळखीचीच होती. मऊ भिंती, मधे काच, काचेपलीकडे कानाला हेडफोन लावलेला गस्सान नावाचा ध्वनितंत्रज्ञ. सवयीने तिने तोंड मायक्रोफोनपासून वीतभर दूर धरलं.

सुरुवात तिने सांभाळून केली. फिरास मान खाली घालून ऐकत होता. मग त्याने हळूच विचारलं, "पण बघणाऱ्याला फरक कळतो का, सित्त? आवाज काय, कुणाचाही असतो."

तिथे तिचा बांध फुटला. तिने कंपनीचा उद्धार केला, तिच्या मालकांचा केला. फिरास मधेच तिला थांबवी, नीट कळलं नाही म्हणे, पुन्हा बोलायला लावी. चोर समोर उभा असता तर काय म्हणाला असतात, असंही त्याने विचारलं. ती तेही म्हणाली, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून.

"नवऱ्याला मातीत ठेवला त्याच दिवशी मी एका लग्नाच्या प्रसंगात हसले होते," ती किंचाळली. "पोटासाठी हसले. ते हसूसुद्धा तुमच्या यंत्रात घातलंत? कुणाला विचारून? अरे, माझं दुःख मी विकलं, ते मी विकलं! तुम्ही कोण ते फुकट उचलणारे?"

तिने टेबलावर मूठ आपटली. आवाज फाटला, तरी ती थांबली नाही. ज्यांनी तिला जन्मभर रडायला लावलं त्या दिग्दर्शकांना, त्या लढाईला, सगळ्यांना तिने तिथेच झोडपून काढलं. असं ती आयुष्यात कधी, कुणाशीच बोलली नव्हती.

ती थांबली तेव्हा फिरासने स्वतः उठून पाणी आणलं. तिचं म्हणणं खरं आहे, असं तो खालच्या आवाजात म्हणाला. ती मालिका आजच काढून टाकू, असा शब्दही दिला. हियामने पाणी पिऊन टाकलं. ताप उतरावा तसं तिला हलकं वाटत होतं. एवढं रागावता येत होतं तर इतकी वर्षं आपण गप्प का बसलो, असं तिच्या मनात आलं.

ती बाहेर पडत होती, तेवढ्यात गस्सान लगबगीने काचेमागून आला आणि त्याने तिच्यासाठी दार धरलं. त्याचे डोळे खरोखर ओले होते.

"अंगावर काटा आला, सित्त," तो म्हणाला. "तुमचं रडणं आमच्याकडे होतं, हसणंही होतं. राग तेवढा नव्हता."