फोटोतली वाळू

"सर, परत वाळू आली," क्रांती म्हणाली. उदयसिंहनं पडद्याकडं न बघताच हातातला पाना टेबलावर आपटला.

वाळू म्हणजे एक्स-रेच्या फोटोत येणारे बारीक ठिपके. क्रांती दवाखान्यात फोटो काढायची, उदयसिंह मशीन दुरुस्त करायला यायचा, आणि त्या ठिपक्यांना हे नाव दोघांनी मिळून ठेवलेलं. छातीला लावायची ती डिटेक्टरची प्लेट म्हणजे फार हलक्या कानाची बाई. शेजारची लिफ्ट चालू झाली, अर्थिंग ढिलं पडलं, की नको ती खरखर ऐकून घेते आणि खुशाल फोटोत वाळू पेरून मोकळी होते. ही वाळू काढण्यात उदयसिंहचा हात धरणारा कोल्हापुरात कुणी नव्हता. निदान त्याचं स्वतःचं तरी तसं ठाम मत होतं.

आज उचगावच्या फौंड्रीतल्या माणसांची वर्षाची तपासणी होती. बाहेर बाकावर मोल्डिंग खात्याची मंडळी तंबाखू मळत बसली होती. त्यांच्यातच आण्णा होते, उदयसिंहचे वडील. आणि आत पडद्यावर दिसत होती ती त्यांचीच छाती. दोन्ही फुप्फुसं वाळूनं भरलेली.

डॉक्टरांनी तो फोटो बराच वेळ बघितला होता. "आधी मशीनची खात्री करा," एवढंच म्हणून ते आपल्या खोलीत गेले होते. उदयसिंहला ते बोलणं आवडलं नव्हतं. मशीन बिघडलंय, यात खात्री कसली करायची?

मशीन बिघडलेलंच असू दे, असं दुरुस्त करणाऱ्याला कधी वाटतं का? त्याला वाटत होतं. अगदी जीव तोडून वाटत होतं.

त्यानं केबल बदलली. अर्थिंगची तार खरवडून पुन्हा आवळली. लिफ्ट बंद करायला लावली, तेव्हा जिना चढणारी माणसं त्याचा उद्धार करत वर गेली. मग त्यानं किरण न सोडताच एक फोटो घेतला. अशा फोटोत माणूस नसतो, काही नसतं, प्लेटची स्वतःची खरखर तेवढी उमटते. फोटो काळाकुळकुळीत आला. औषधालासुद्धा ठिपका नव्हता. एरवी त्यानं क्रांतीला चहा पाजला असता. आज तो त्या काळ्या फोटोत एखादा तरी ठिपका शोधत राहिला.

"आण्णांना परत आत घ्या," तो म्हणाला.

आण्णा सदरा काढून प्लेटला चिकटून उभे राहिले. "श्वास रोखून धरा," क्रांती म्हणाली. पण श्वास रोखण्याआधीच खोकल्याची ढास आली. पुन्हा तेच झालं. कसाबसा एकदा श्वास थांबला आणि फोटो निघाला. वाळू होती तिथंच होती. तिनं जागासुद्धा बदलली नव्हती.

काढायचीच म्हटली तर एका बटणावर निघत होती. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असते. उदयसिंहनं ते करूनही बघितलं. ठिपके विरघळले, छाती एकदम तरण्याबांड माणसाची दिसायला लागली. तो त्या खोट्या छातीकडं बघत राहिला, आणि मग स्वतःचीच लाज वाटून त्यानं बटण पुन्हा होतं तिथं आणलं.

रांगेत पुढं सोनल होती, फौंड्रीच्या ऑफिसात एसीत बसणारी मुलगी. मशीन तेच, प्लेट तीच. तिचा फोटो आला तो लख्ख. क्रांतीनं उदयसिंहकडं बघितलं. त्यानं पाना, टेस्टर, सगळं सामान पिशवीत भरलं. तिथं त्याला करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बाहेर आण्णा सदऱ्याची बटणं लावत उभे होते.

"काय रं, झालं का मशीन नीट?"

"बघतोय, आण्णा. जरा बिघाड हाय त्यात."

आण्णा हसले, आणि हसता हसता खोकायला लागले. खोकला थांबल्यावर त्यांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला. "येड्या, खोकला काय मशीन देतंय व्हय? जलमभर वाळूचं साचं घातलं, वाळूतच ऱ्हायलो. मोल्डिंगातल्या समद्यांचा फोटो आसाच येनार. आमाला कवाच ठावं हाय." मग त्यांनी बाकाकडं पाठ केली आणि आवाज खाली आणला. "तुझ्या आईला मातुर कळू दिऊ नगंस. लई भोळी हाय ती. तिला म्हन, मशीनच बिघडलंय."

उदयसिंहनं मान हलवली. दुसरं काय करणार?

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. तानाबाईचा, म्हणजे आईचाच. तो व्हरांड्याच्या टोकाला गेला. आण्णा लांबून त्याच्याकडंच बघत होते. बोलायचं काय ते एव्हाना पाठ झालं होतं.

"झाला का रं फोटो?" तानाबाईनं विचारलं.

"झाला, आई. पर ते मशीन हाय न्हवं, त्यातच..."

"त्ये ऱ्हाऊ दे. त्येंची छाती रोज कुशीला ऐकतीया मी, मला कशाला पायजे फोटो?" मग तिचा आवाज बारीक झाला. "तू फकस्त येवढं कर, बाळा. त्यास्नी काय बी कळू दिऊ नगंस. त्यास्नी म्हन, मशीनच बिघडलंय."