उरलेला अर्धा चेहरा

ओल लागून फोटोतला उजवा अर्धा चेहरा पार पुसला गेला होता. गोदाक्कांकडे नवऱ्याचा तेवढा एकच फोटो. वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायचा होता.

"होईल आक्का," फ्लेक्सच्या दुकानातली यास्मिन म्हणाली. तिने चित्रांच्या प्रोग्रॅमला नवं टूल जोडून घेतलं होतं. अर्धा चेहरा दिला, की उरलेला अर्धा ते आपोआप आरशातल्यासारखा हुबेहूब तसाच काढायचं. बघता बघता पडद्यावर पूर्ण चेहरा उमटला.

गोदाक्का निरखत राहिल्या. "माणूस देखणा काढलास गं पोरी. पण ह्ये आमचं मालक न्हवंत."

यास्मिनचा चेहरा उतरला. मग तिने ते टूल बंद केलं, डिजिटल पेन हातात घेतलं आणि आक्कांना शेजारी बसवलं. "तुम्ही सांगा, मी हाताने काढते."

"उजवी भुवई जरा वर. कायम कुणावर तरी चिडल्यागत. अन् ओठ त्याच अंगाला वाकडा."

यास्मिन काढत गेली, पुसत गेली. भुवई वर सरकली, ओठ किंचित वाकला आणि गोदाक्का पडद्यासमोर सावरून बसल्या. नकळत त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला.